मांजराचा श्रावण

मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते, ट्रॉलर समुद्रात जातात आणि नेमका त्याच सुमारास श्रावण दारात येऊन उभा राहतो. (गोंयकाराच्या नशिबाची ही थट्टा जुनीच!) दोन महिने सुक्या बांगड्यांवर आणि सुक्या सुंगटांवर काढल्यावर ताजी मासळी बाजारात येते, तेव्हा घरातली अर्धी माणसे शिवराक झालेली असतात. पिढ्यान्पिढ्या हे असेच चालत आले आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. कुणी काय खावे, कुठल्या वारी खावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

माझी तक्रार दुसरीच आहे. अलीकडे आपण मांजरालाही श्रावण पाळायला लावू लागलो आहोत. तोही महिनाभराचा नव्हे, बारमाही!

'आमची मनी पूर्ण शाकाहारी आहे हो, दूधभात आणि पनीर याशिवाय कशाला तोंड लावत नाही', हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्यातला अभिमानाचा सूर आधी कानावर पडतो आणि शब्द मागाहून. जणू काही त्या मांजराने एखादी दीक्षा घेतली आहे! कुत्र्यांच्या बाबतीतही तेच. आपल्याकडे कुत्र्याच्या खाण्याच्या पाकिटांवरसुद्धा हिरवा ठिपका दिसतो. तो ठिपका कुत्र्यासाठी नसतो हे उघड आहे. कुत्र्याला ठिपका कळत नाही, आणि कळला तरी तो पाकीट उघडण्याची वाट बघत थांबणार नाही. तो ठिपका विकत घेणाऱ्याच्या मनःशांतीसाठी आहे. आणि ही मनःशांती 'नैसर्गिक आहार', 'सात्त्विक आहार' अशा गोंडस नावाखाली विकली जाते.

आपल्या पूर्वजांना मांजर आपल्यापेक्षा बरे कळत होते असे मला वाटते. ढोंगी धार्मिकाला संस्कृतात 'बैडालव्रतिक' म्हणतात. बिडाल म्हणजे मांजर. मनुस्मृतीत हा शब्द शिवीसारखाच वापरला आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधन उलूकाकरवी युधिष्ठिराला टोमणे पाठवतो, तेव्हा गंगेकाठी हात वर करून तप करणाऱ्या मांजराची गोष्ट सांगतो. उंदीर त्याच्यावर विश्वास ठेवतात आणि एकेक करून त्याच्या पोटात जातात. पंचतंत्रातला दधिकर्ण नावाचा बोका न्यायाधीश होऊन बसतो आणि तंटा घेऊन आलेल्या सशाचा नि कपिंजल पक्ष्याचा निवाडा एकाच घासात करतो. महाबलीपुरमच्या त्या प्रचंड शिल्पपटातही एक मांजर एका पायावर उभे राहून तप करते आहे आणि पायाशी उंदीर जमले आहेत. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचा पाथरवटही ते बघून हसत असणार. मांजराने व्रत धरणे हाच आपल्या परंपरेतला सर्वांत जुना विनोद. आणि आज त्याच परंपरेचे नाव घेऊन आपण तो विनोद गंभीरपणे अमलात आणतो आहोत!

विनोद तेवढ्यावर थांबला असता तर हे लिहायचे कारण नव्हते. पण इथे मांजराचे डोळे जातात. अक्षरशः.

टॉरिन नावाचे एक द्रव्य आहे. मांस, मासे, शिंपल्या यांत ते असते. भात, डाळ, भाजीत नसते आणि गाईच्या दुधात नाममात्र असते. माणसाच्या आणि बहुतेक कुत्र्यांच्या शरीरात ते गरजेपुरते तयार होते. मांजराच्या शरीरात ते फार थोडे तयार होते, आणि पित्ताबरोबर रोज खर्च मात्र होत राहते. म्हणून ते खाण्यातूनच यावे लागते. न आले तर डोळ्याचा पडदा हळूहळू झिजतो. १९७५ साली अमेरिकन संशोधकांनी हे दाखवून दिले तेव्हा त्यांनी मांजरांना जे प्रथिन खायला घातले होते ते कुठले होते माहीत आहे? केसिन. म्हणजे दुधातले प्रथिन! आपल्या पनीरवाल्या मनीची कथा तेव्हाच प्रयोगशाळेत लिहून झाली होती. पुढे १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट उघडकीला आणली. टॉरिन कमी पडले की मांजराचे हृदय फुगते, स्नायू दुबळे होतात आणि मांजर मरते. हृदय वेळेवर लक्षात आले तर पुष्कळदा सुधारते. डोळ्याचा झिजलेला पडदा मात्र परत येत नाही.

टॉरिन हे एकच प्रकरण नाही. गाजरातल्या पिवळ्या रंगापासून आपण जीवनसत्त्व अ बनवू शकतो, कुत्राही बनवू शकतो. मांजर बनवू शकत नाही, त्याला ते तयारच लागते. ॲराकिडॉनिक आम्लाचे तेच. मांजराच्या यकृताला प्रथिने जाळत राहण्याची सवय जडलेली आहे, ती कमी मिळाली म्हणून यकृत आपला वेग कमी करत नाही. मग ते स्वतःचे स्नायू जाळू लागते. थोडक्यात, मांजराने मांस खाणे ही त्याची चैन नाही की वाईट सवय नाही. त्याच्या शरीराचा कारखानाच तशा कच्च्या मालावर चालतो.

इथे हमखास एक प्रश्न येतो. 'मग आमच्या आजीचे मांजर दूधभातावर पंधरा वर्षे कसे जगले?' प्रश्न खरा आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे.

माझ्या परिचयाचे एक शिवराक कुटुंब बदलीच्या नोकरीमुळे काही वर्षे मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यातल्या लामत्याला होते. बालाघाट आणि नैनपूरच्या मधले हे गाव. पूर्वी सातपुड्याची नॅरोगेज तिथून जायची, आता ब्रॉडगेज झाली आहे. जिल्हा भाताचा. तिथल्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. घरमालकाच्या कोठीत भात भरलेला, आणि भात तिथे उंदीर. ह्या कुटुंबाने मांजर पाळले आणि त्याला सकाळ-संध्याकाळ दूधभात घातला. मांजर गुटगुटीत! पुढे गृहस्थ निवृत्त झाले आणि मांजरासकट फोंड्याला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आले. खिडक्यांना जाळ्या, खाली वाहने, म्हणून मांजर घरातच. खाणे तेच. 'पाच वर्षे ह्याच्यावरच वाढले आहे', हा त्यांचा बिनतोड मुद्दा. दीड वर्षाने ते मांजर खुर्चीवर उडी मारताना चुकू लागले. भर उजेडातही बाहुल्या मोठ्याच राहू लागल्या. पशुवैद्यांनी डोळे तपासले आणि काय खायला घालता ते विचारले. आता त्याला टॉरिन चालू आहे, उकडलेली मासळीही (शेजारणीच्या घरून) येते. दिसायचे ते गेले ते गेलेच.

लामत्याला ते मांजर दूधभातावर जगत नव्हते. ते कोठीतल्या उंदरांवर जगत होते आणि दूधभात हा त्याचा वरचा खाऊ होता! आजीच्या मांजराचेही तेच. उंदीर, पाली, चिमण्यांची पिल्ले, माडाखालचे किडे, शेजारच्या घरची मासळीची डोकी हा त्याचा खरा स्वयंपाक आजीच्या नजरेआड होत असे. आजीला दिसायची ती फक्त दुधाची वाटी. 'मांजर डोळे मिटून दूध पिते' म्हणतात ना? इथे डोळे मिटलेले होते ते पाजणाऱ्याचे. आणि दुधाचे म्हणाल तर मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना ते पचतही नाही, ढाळ होते. शिंके मांजराच्या भीतीने टांगायचे ही आपली परंपरा, मांजराला दुधावर ठेवायचे ही नव्हे.

आणखी एक गंमत बघा. आपल्याकडे श्राद्धात गाईचा, कावळ्याचा, कुत्र्याचा घास वेगळा काढतात. वैश्वदेवाच्या बलिहरणात यमाच्या श्याम आणि शबल या दोन कुत्र्यांनाही वाटा असतो. मांजराचा घास मात्र कुठे नाही. मी याचा अर्थ असा घेतो की मांजर हे घरात राहून स्वतःचे पोट स्वतः भरणारे जनावर होते. आपण त्याला फ्लॅटमध्ये कोंडले, त्याचा रोजगार काढून घेतला आणि वर त्याला आपला धर्म दिला!

आता ज्यांना मांस हातात धरणेच शक्य नाही अशा प्रामाणिक माणसांचा युक्तिवाद. टॉरिन कारखान्यात बनते, ते मांसातून काढावे लागत नाही. जीवनसत्त्व अ सुद्धा कृत्रिम मिळते. मग हे सगळे घातलेले वनस्पतिजन्य खाणे मांजराला का नको? तत्त्वतः शक्य आहे हे मी मान्य करतो. २०२३ साली अँड्र्यू नाइट यांनी १,३६९ मांजरांच्या मालकांना विचारून केलेली पाहणी प्रसिद्ध झाली आणि तिचा हवाला सगळीकडे दिला जातो. पण तिच्यात मांसाशिवायच्या खाण्यावर असलेली मांजरे सुमारे ९ टक्केच होती, तब्येतीची माहिती मालकांनीच सांगितलेली होती, आणि दोन गटांतले फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरण्याइतके नव्हते. तिच्यावरून 'मांजर शाकाहारी होऊ शकते' असा निष्कर्ष काढणारा माणूस आपल्या घरी मात्र दूधभातच घालत असतो, हे विसरू नका. प्रयोगशाळेत मोजूनमापून केलेले खाणे आणि आपल्या स्वयंपाकघरातला उरलेला भात या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीचे प्रमाणपत्र दुसरीला लावायचे ही लबाडी आहे. बरे, त्या प्रमाणित खाण्यालाही 'नैसर्गिक' म्हणायचे? कारखान्यात बनलेली सात द्रव्ये मिसळून केलेल्या गोळीला?

मला ह्यात आपल्या एका जुन्या खोडीचा वास येतो. दुसऱ्याच्या ताटात काय असावे हे आपल्या सोवळ्याने ठरवायचे. लामता ज्या राज्यात आहे त्या मध्य प्रदेशात २०१५ साली अंगणवाडीतल्या मुलांना अंडी देण्याचा प्रस्ताव आला होता. मंडलासारख्या आदिवासी जिल्ह्यांत, आणि तोही फक्त प्रयोगादाखल. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी तो फेटाळला. ज्यांच्या घरात अंडे वर्ज्य नाही त्यांच्या मुलांना ते वर्ज्य झाले. मुलांसाठी निदान भांडणारे लोक होते. मांजरासाठी कोण भांडणार? १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, पाळलेल्या जनावराला पुरेसे अन्न न देणे ही क्रूरता मानली आहे. पण 'पुरेसे' म्हणजे वाटी भरलेली असणे, इतकाच अर्थ आपण घेतो. (पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. एका बांगड्याचीही किंमत नाही!)

कुत्र्याचे प्रकरण निराळे आहे, आणि ते निराळे आहे हेच लोक विसरतात. 'कुत्रे-मांजर' असा आपण एक समास करून टाकला आहे, त्यामुळे दोघांचे पोटही एकच असावे असा समज झाला आहे. कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्यावर जगला आणि त्या उष्ट्याने त्याचे पोट बदलले. २०१३ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका स्वीडिश अभ्यासात कुत्र्याची आणि लांडग्याची जनुके ताडून पाहिली होती. पिष्ट पचवणारे पाचकद्रव्य बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत सापडल्या. म्हणजे शेती करू लागलेल्या माणसाबरोबर कुत्राही भाकरी खाऊ लागला, आणि ते त्याच्या रक्तात उतरले. धनगराचा कुत्रा भाकरीवर राखण करतो. मुधोळचे ते शिडशिडीत शिकारी कुत्रेसुद्धा ज्वारी-मक्यावर आणि दुधावर वाढलेले. आमच्या गोव्यातले सुणे शीत-कडीवर वाढते. तिकडे बालाघाट-मंडल्याकडे गोंड आणि बैगा लोक कोदो-कुटकीची 'पेज' पितात. हो, पेजच, आमचाच शब्द! माणसाची पेज उरली की ती कुत्र्याची. संत नामदेवांच्या आख्यायिकेत कुत्रा पोळी पळवतो आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावतात. त्या गोष्टीत मांजर नाही, याला कारण आहे. मांजराने पोळी पळवली नसती.

तेव्हा 'कुत्रा म्हणजे घरातला लांडगा, त्याला धान्य म्हणजे विष' असे सांगणारी मंडळी चुकतात. पण म्हणून नुसत्या शिताने कुत्र्याचे भागते असेही नाही. पेजेवरचा गावठी कुत्रा दिवसभर गावभर हिंडून हाडे, अंडी, घुशी, आणि लिहू नये असे पुष्कळ काही खात असतो. साखळीला बांधलेल्या लॅब्राडोरला ते मिळत नाही. त्याला भाताबरोबर अंडे, मासळी, कोंबडी काहीतरी हवेच. शिवराक घरातला कुत्रा डाळ, अंडी, दही यांवर नीट ठेवता येतो. कुत्र्याच्या बाबतीत माझा हट्ट नाही. पिल्लाच्या बाबतीत मात्र आहे. बिनहाडाची कोंबडी आणि भात एवढ्यावरच वाढवलेल्या मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम मिळत नाही, पाय वाकतात. डेव्हिसच्याच संशोधकांनी २०१३ साली कुत्र्यांसाठी घरी करायच्या २०० पाककृती तपासल्या, त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत कुठले ना कुठले तरी आवश्यक द्रव्य कमी पडत होते. 'घरचे ते चांगले' हे वाक्य माणसाच्या बाबतीतही पुरते खरे नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना प्रेमाने घातली जाणारी ग्लुकोज बिस्किटे हा तर वेगळाच विषय. मैदा, साखर आणि पामतेल! २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर वाटेल तिथे कुत्र्यांना खायला घालण्यास मनाई केली आणि त्यासाठी जागा ठरवून देण्यास सांगितले, तेव्हा देशभर केवढा वाद झाला. कुठे घालावे यावर लोक हमरीतुमरीवर आले. काय घालावे, हे मात्र दोन्हीकडच्या कुणी विचारले नाही. आमच्या किनाऱ्यावरचे कुत्रे शॅक चालू असतात तोवर पर्यटकांच्या ताटातले खातात आणि पावसाळ्यात शॅक उतरले की उपाशी फिरतात. त्यांच्या पुढ्यात बिस्किटाचा पुडा ओतून फोटो काढणाऱ्याला मी भूतदयेचे गुण देणार नाही.

कुत्र्याचे बिस्कीट ही कल्पना मुळात जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकनाची. १८६० च्या सुमारास तो लंडनला विजेपासून बचाव करणाऱ्या सळ्या विकायला आला होता. गोदीवर खलाशांनी टाकलेली जहाजावरची कडक बिस्किटे कुत्रे खाताना त्याने पाहिली असे सांगतात. त्यातून हा धंदा उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याच्या डब्यांची टंचाई झाली आणि कोरड्या खाण्याला बरकत आली. १९५० च्या दशकात दाणेदार पाकिटे आली. म्हणजे 'निसर्गाने दिलेले' असे ज्याच्यावर छापतात त्या वस्तूचा जन्म गोदी, युद्ध आणि यंत्र यांच्यापोटी झाला आहे. पाकिटावर लांडग्याचे चित्र, मागे हिमाच्छादित डोंगर, आत मका.

तरीही पाकिटाला सरसकट विष म्हणणाऱ्यांत मी नाही. १९८७ सालच्या शोधानंतर कंपन्यांनी मांजराच्या खाण्यात टॉरिन वाढवले आणि त्या रोगाने मरणारी मांजरे झपाट्याने कमी झाली, हे मान्य करावेच लागेल. पण हेही ध्यानात ठेवावे की तोवर जी मांजरे मेली तीही 'संपूर्ण आणि समतोल' असे छापलेलीच पाकिटे खाऊन मेली होती! २००७ साली उत्तर अमेरिकेत चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन निघाले. तपासणीत प्रथिने जास्त दिसावीत म्हणून कुणीतरी ते मिसळले होते. मेन्यू फूड्स या एकाच कंपनीला सुमारे सहा कोटी डबे-पाकिटे परत मागवावी लागली आणि कित्येक कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली. पुढच्याच वर्षी चीनमध्ये तेच मेलामाइन तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीत सापडले. कुत्र्या-मांजरांनी धोक्याची घंटा वर्षभर आधी वाजवली होती, कुणी ऐकली नाही.

मग पाकीट नको, भात नको, म्हणून काही लोक दुसऱ्या टोकाला गेले. कच्चे मांस! ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांचे १९९३ सालचे पुस्तक हा ह्या पंथाचा आद्यग्रंथ. 'जंगलात कुठे चूल असते?' हा त्यांचा सवाल. जंगलात नागपूरच्या पोल्ट्रीतली कोंबडीही नसते, हे माझे उत्तर. डिसेंबर २०२४ च्या अखेरीला नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. भोपाळच्या प्रयोगशाळेने त्यांच्या शरीरात बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू असल्याचे सांगितले, आणि संशय त्यांना घातलेल्या कोंबडीच्या मांसावर गेला. वाघापेक्षा अधिक 'नैसर्गिक' मांसाहारी कोण? लगेच जानेवारी २०२५ मध्ये छिंदवाड्यात पाळीव मांजरे मरू लागली आणि तिथेही एच५एन१ सापडला. महिनाअखेरीला बाजारातली मांसाची दुकाने बंद करावी लागली. लामत्याहून पश्चिमेला सिवनी जिल्हा ओलांडला की छिंदवाडा. म्हणजे ही काही सातासमुद्रापलीकडची गोष्ट नाही. त्याच सुमारास अमेरिकेतही मांजरांच्या कच्च्या खाण्याची पाकिटे ह्याच विषाणूमुळे परत मागवली जात होती. मांजराला हा विषाणू फार लवकर मारतो, आणि त्याला घास भरवणारा हात आपला असतो. विषाणू नसला तरी कच्च्या कोंबडीतले साल्मोनेला घरातल्या रांगत्या मुलापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. एक उकळी काढायला कुणाची संस्कृती बुडते?

तेव्हा प्रश्न निसर्गाचा नाहीच. मांजर आपल्या घरात आले तेव्हाच त्याचा निसर्ग संपला. प्रश्न असा आहे की त्याच्या शरीराला जे लागते ते आपण देतो की आपल्या मनाला जे बरे वाटते ते देतो.

गोव्यातल्या माणसाला ह्यात अवघड असे काही नाही. आपल्या हाताशी आहे ते पुष्कळ देशांत पैसे मोजून मिळत नाही. तिसऱ्या आणि शिनाणे यांत टॉरिन ठासून भरलेले असते. कालवणासाठी आणाल तेव्हा मीठमसाला घालण्याआधी चार बाजूला काढा. कोंबडीचे काळीज, म्हणजे हृदय, तेही तसेच. शिजवताना टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी ओतून न देता खाण्यात कालवावे. रोज बांगडा किंवा रोज तारले मात्र नकोत. तेलकट मासळीच सतत खाणाऱ्या मांजराला जीवनसत्त्व ई कमी पडते आणि कातडीखालची चरबी सुजून दुखू लागते. तारल्यासारखी मासळी कच्ची घालू नये, तिच्यात जीवनसत्त्व ब१ नष्ट करणारे द्रव्य असते, ते उकळल्यावर जाते. यकृत आठवड्यातून थोडेसे पुरे, रोज घातले तर मांजराच्या मानेचे मणके जखडतात. बंदीच्या दिवसांत सुके खारे द्यायचे तर रात्रभर पाण्यात ठेवून, पाणी दोनदा बदलून. शिजलेली हाडे आणि जाड काटे कुणालाच नको. आणि हुमण घालू नका! कांदा कच्चा असो की शिजलेला, कुत्र्याच्या आणि त्याहून अधिक मांजराच्या तांबड्या पेशी तो फोडतो, लसणाचे तेच. चवथीच्या नेवऱ्यांतले बेदाणेही कुत्र्याला नकोत, मूत्रपिंडे जातात.

ज्यांच्या घरात मासळी शिजतच नाही त्यांनी मांजरासाठी चांगले पाकीट आणावे, मांसाचे, टॉरिन लिहिलेले. पाकिटाला हात लावताना विटाळ वाटत असेल तर पळी वापरावी. तेही जमत नसेल तर कुत्रा पाळावा, ससा पाळावा. ससा जन्मजात शिवराक आहे, त्याला श्रावण पाळायला शिकवावे लागत नाही. आणि मांजर आधीच घरात असेल तर येत्या सोमवारी ते खुर्चीवर उडी कशी मारते ते जरा बघून ठेवा.